चालेल, पुरेल, शोभेल

दोन भाषांच्या उंबरठ्यावर संसार मांडलेल्या घरांत एक गंमत नेहमी घडते. बाजारात आपण एका भाषेत भाव करतो आणि मनातल्या मनात हिशेब मात्र दुसऱ्या भाषेत मांडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण संपले, भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले आणि सरकारी फायलींच्या मागोमाग कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली. त्या कुटुंबांची तिसरी पिढी आज न्यू मार्केटमध्ये सराईत हिंदी बोलते. पण एखादी वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहताना बायकोकडे वळून जो शब्द उच्चारला जातो, तो बहुधा मराठीच असतो. चालेल, पुरेल किंवा शोभेल.

या तीन क्रियापदांत आपल्या मध्यमवर्गाचे सगळे खरेदीशास्त्र सामावलेले आहे. 'चालेल' म्हणताना आपली नजर वस्तूवर असते. ती आपले काम करील की नाही, एवढेच आपण पाहतो. 'पुरेल' म्हणताना आपण स्वतःच्या गरजेकडे पाहतो. आणि 'शोभेल' म्हणताना आपली नजर चार लोकांकडे गेलेली असते. तिन्ही शब्द आपापल्या जागी योग्य आहेत. घोटाळा होतो तो एकाच्या नावाने दुसरा खपवला जातो तेव्हा. हा घोटाळा केवळ व्यवहाराचा आहे की नीतीचाही आहे, असा प्रश्न मला अलीकडे पडू लागला आहे. आणि तो ज्या निमित्ताने पडला ते निमित्त अगदीच क्षुल्लक आहे: सबवूफरला जोडायची एक केबल.

सबवूफर हा शब्द आता घरोघरी पोचला आहे. दिवाणखान्यात टीव्हीशेजारी जो जड लाकडी खोका ठेवतात आणि ज्याच्यामुळे चित्रपटातला ढगांचा गडगडाट छातीत जाणवतो, तो सबवूफर. 'फाइव्ह पॉइंट वन' या नावातला शेवटचा 'पॉइंट वन' म्हणजे हाच. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, असे पाठ्यपुस्तकात शिकवतात. त्यांपैकी सबवूफरच्या वाट्याला येतात ते तळातले, सुमारे २० ते १२० हर्ट्झचे. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याच्याकडे फक्त खर्जाचे खाते आहे. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ७० हर्ट्झच्या आसपास बोलते, म्हणजे ती नेमकी याच खात्यात जमा होते.

माझे एक स्नेही पिपलानीला राहतात. सारी नोकरी भोपाळच्या 'भेल'मध्ये गेली. मोठमोठ्या मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यासाठी तांब्याची वेटोळी जिथे घातली जातात, त्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला तांब्याविषयी कोणी काही शिकवावे असे उरलेले नसते. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेने होम थिएटर घेतले. दुकानदाराने सबवूफरसाठी दोन केबली पुढे ठेवल्या. एक साडेतीनशेची, काळी, साधी. दुसरी अडतीसशेची, तिच्यावर जांभळ्या रेशमासारखे विणकाम, टोकांना सोन्याचा मुलामा आणि ती दागिन्यासारखी मखमली खाचेत ठेवलेली. "सर, असली बेस तो इसी में आएगा," दुकानदार म्हणाला. स्नेह्यांनी दुसरी घेतली. मी नंतर विचारले तेव्हा ते मोकळेपणाने म्हणाले, "मला माहीत होतं हो, की फरक पडणार नाही. पण आयुष्यात एकदाच घेतोय. म्हटलं, जरा शोभेल असं घ्यावं."

इथपर्यंत तक्रार करण्यासारखे काही नाही. आपण तांब्याच्या ऐवजी चांदीच्या भांड्यात पाणी पितो ते पाण्याची चव वाढावी म्हणून नव्हे. लग्नपत्रिका जाड कागदावर छापतो, तेवढ्याने मुहूर्त अधिक शुभ होत नाही. सुंदर वस्तूवर चार पैसे अधिक खर्च करणे हे पाप असेल, तर आपली निम्मी संस्कृती पापी ठरेल. शोभेसाठी घेतले आणि शोभेसाठी घेतले असे म्हटले, तर हिशेब चोख आहे. पण दुकानदाराने 'शोभेल' म्हटले नव्हते. त्याने 'ऐकू येईल' असे म्हटले होते.

या म्हणण्यात तथ्य किती ते पाहू. आजच्या बहुतेक सबवूफरच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. त्यामुळे रिसीव्हरकडून केबलमधून येतो तो जोरकस प्रवाह नसतो, केवळ एक लहानसा संकेत असतो. तो संकेत ज्या दारातून आत शिरतो त्या दाराचा अवरोध बहुधा १०,००० ओहम किंवा त्याहून अधिक असतो. डिश अँटेनाला वापरतात तसल्या आर.जी.-६ जातीच्या केबलचा १० मीटरचा तुकडा घेतला, आणि तिची मधली तार तांब्याचा नुसता मुलामा दिलेली पोलादी असली, तरी तिचा स्वतःचा अवरोध एक-दोन ओहमच्या घरात राहतो. दहा हजारांत एक-दोन. लाखभर रुपयांतून दहा-वीस रुपये कमी व्हावेत इतकाच हा फरक. केबल लांब झाली की उंच स्वर मरतात हेही खरे. पण त्या १० मीटरच्या तुकड्यात ती गळती सर्वसाधारण रिसीव्हरच्या बाबतीत सुरू होते लाखो हर्ट्झच्या पुढे. १२० हर्ट्झच्या खर्जाला तिचे काय होय? वाघ सह्याद्रीत आहे म्हणून आपण भोपाळच्या घराला कुलूप लावत नाही.

तात्पर्य, या कामासाठी 'पुरेल' ही रेषा फार खाली आहे आणि ती सापडणारी आहे. केबलमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. टोकाची पिन घट्ट बसते का. मधल्या तारेभोवतीची संरक्षक जाळी दाट आहे का. आणि लांबी गरजेपुरती आहे का. जाळीचे महत्त्व मात्र खरोखरीचे आहे. आपल्या घरांतली वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर उमटते, म्हणजे नेमकी सबवूफरच्या अंगणात. जाळी विरळ असेल तर बाजूने गेलेल्या विजेच्या वायरीची कुजबुज केबल उचलते आणि शांत प्रसंगातही खोका घुमत राहतो. ही दाट जाळी काही शेकड्यांच्या केबलमध्ये सहज मिळते. त्यापुढचा रुपया विणकामावर, मखमलीवर आणि दुकानदाराच्या वाक्यावर खर्च होतो.

एवढ्यावर खालच्या बाजूचा घोटाळा विसरून चालणार नाही. स्वस्ताईलाही आपले असत्य असते. काही संचांत सबवूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो; तिथे स्पीकरची वायर लागते आणि तिच्यातून खराखुरा प्रवाह वाहतो. तिथे धातूला अर्थ आहे. बाजारात तांब्याच्या म्हणून मिळणाऱ्या काही वायरी आतून ॲल्युमिनियमच्या असतात, वर तांब्याचा पातळ थर. तेवढ्याच जाडीला त्यांचा अवरोध तांब्याच्या जवळजवळ दीडपट भरतो. ब्लेडने एक धागा खरवडला की आतला पांढरेपणा दिसतो, आणि वजन तर हातालाच कळते. ॲल्युमिनियम तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही हलके. ॲल्युमिनियम विकण्यात गैर काही नाही. तीच वायर थोडी जाड घेतली की ती व्यवस्थित काम देते. गैर आहे ते तिला तांबे म्हणून विकणे. म्हणजे अडतीसशेच्या केबलमधले खोटे आणि दीडशेच्या वायरीतले खोटे ही सख्खी भावंडे आहेत. एक वरच्या मजल्यावर राहते आणि एक तळघरात, एवढेच.

आणि 'चालेल' या शब्दाला एक काळी बाजूही आहे. सबवूफर घुमू लागला की सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच: प्लगची तिसरी पिन काढून टाका, घुमणे बंद होईल, चल जाएगा. घुमणे बंद होतेही. पण ती तिसरी पिन आवाजासाठी नसतेच; यंत्रात बिघाड झाला तर वीज माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी म्हणून ती असते. खरा उपाय बिनखर्चाचा आहे. रिसीव्हर आणि सबवूफर एकाच बोर्डावर जोडून पाहावेत, डिशची वायर काढून पाहावी, घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. या शहरात राहणाऱ्याने तरी 'चालेल' हा शब्द जपून वापरावा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, आणि निसटलेला वायू जाळून टाकायचा मनोरा जोडणीतून सुटलेला होता. एका वायरीच्या पिनेची त्या रात्रीशी तुलना करण्याचा विचार मनात आणणेही अनुचित होईल. शब्द मात्र एकच आहे. 'चालेल' हा निर्णय घेणारा एक असतो आणि त्याची किंमत मोजणारा पुष्कळदा दुसराच असतो, हे भोपाळने शिकलेले आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणी म्हणेल, "अहो, तुमच्या स्नेह्यांना त्या केबलने आनंद झाला ना? मग तो खरा की खोटा हे ठरवणारे तुम्ही कोण?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ऐकणे हे केवळ कानाने होत नाही. आपल्याला जे सांगितलेले असते ते आपण ऐकतो. आपण जी किंमत मोजलेली असते तीही ऐकतो. १९८३ साली अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' या मासिकात लॉरेन्स ग्रीनहिल यांनी स्पीकरच्या वायरींची परीक्षा घेतली. कोणती वायर जोडली आहे हे श्रोत्यांना सांगायचे नाही, अशी अट होती. फारच बारीक वायर कधी कधी ओळखू आली, पण गाणे लावल्यावर साधी जाड वायर आणि नामवंत महागडी केबल यांतला फरक श्रोत्यांना खात्रीने सांगता आला नाही. नाव झाकले की कान प्रामाणिक होतो. पण आपण घरी नाव झाकून ऐकत नाही. मग नावाने जो आनंद मिळतो तो घ्यावा की, त्यात बिघडले काय?

बिघडते काय ते मला त्या स्नेह्यांच्याच घरी दिसले. गणपतीला त्यांचा पुतण्या सौंसरहून आला होता. तिथे शाळेत शिक्षक आहे. त्याच्याकडेही त्याच जातीचा संच आहे. हप्त्याने घेतलेला, साध्या काळ्या केबलचा. काकांकडे त्याने एक चित्रपट पाहिला, जांभळी केबल हातात घेऊन पाहिली, किंमत विचारली आणि थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, आमच्याकडे असं घुमत नाही. आमच्याकडे काहीतरी कमी आहे, हे मला आधीपासून वाटतच होतं."

आधीपासून वाटत नव्हते. ते त्या क्षणी वाटू लागले होते. काकांच्या खरेदीने काकांच्या खोलीतल्या आवाजात एका कणाची भर पडली नव्हती. पण शेकडो किलोमीटरवरच्या एका घरात मात्र तिने खोट निर्माण केली होती. कालपर्यंत जो संच बायकामुलांना गोळा करून आनंद देत होता, तो आज अपुरा ठरला. खोट्या श्रेष्ठतेचा हिशेब असा असतो. ती घेणाऱ्याच्या पदरात काही टाकत नाही, पण न घेणाऱ्याच्या पदरातून काढून मात्र घेते. माझ्या आनंदाने दुसऱ्याचे काही जात नाही, असे म्हणणाऱ्याला मी एवढेच विचारीन की, तो आनंद दुसऱ्याला न सांगता, न दाखवता टिकतो का? शोभेला तर बघणारा लागतो.

स्नेही विचारात पडले. खरे सांगावे तर आपली अडतीसशेची हौस उघडी पडते, आणि पुतण्याचेही हसे होते. न सांगावे तर शिक्षकाच्या पगारातून आणखी अडतीसशे जातात. त्या रात्री ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुतण्याला हाताशी धरले, जांभळी केबल काढली आणि कपाटातली एक जुनी साधी केबल त्यालाच जोडायला लावली. तोच प्रसंग पुन्हा लावला. पुतण्या ऐकत राहिला. मग काकांनी सबवूफर कोपऱ्यातून ओढून भिंतीच्या मध्यावर आणला, आणि खोलीचा सारा खर्जच बदलला. "तारेत काय बघतोस," ते म्हणाले, "जागा बघ. आणि ही केबल मी हौसेनं घेतली, कानासाठी नाही." एवढे एक वाक्य बोलायला साठीपुढच्या माणसाला रात्रभर विचार करावा लागला. मला ते वाक्य त्या केबलहून मौल्यवान वाटते.

जागेचे हे म्हणणे शब्दशः खरे आहे. ४० हर्ट्झच्या ध्वनीची लाट साडेआठ मीटर लांब असते. आपल्या बारा बाय चौदा फुटांच्या खोलीत ती मावतच नाही. भिंतींवर आपटून परत येते, कुठे स्वतःतच मिळून फुगते, कुठे स्वतःलाच खोडून टाकते. म्हणून त्याच खोलीत एका खुर्चीवर खर्ज दणदणतो आणि दुसऱ्या खुर्चीवर गायब होतो. याला एक जुना उपाय आहे. सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, एखादे गाणे लावावे आणि भिंतीकडेने रांगत ऐकावे. जिथे खर्ज नेमका आणि स्वच्छ वाटेल तिथे मग सबवूफर ठेवावा. खर्च शून्य, फक्त गुडघे आणि थोडा अभिमान लागतो. अडतीसशे रुपयांनी जे होत नाही ते अर्ध्या तासाच्या रांगण्याने होते. पण रांगण्याची जाहिरात करता येत नाही, आणि ते मखमलीच्या पेटीत घालून विकताही येत नाही.

आपल्या संगीताला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले, कानडी घरातून आलेले आणि १९४८ पासून १९९२ पर्यंत माळव्यात देवासला राहिलेले कुमार गंधर्व तंबोरे लावण्याच्या बाबतीत किती काटेकोर होते, हे त्यांच्या श्रोत्यांना माहीत आहे. सीमेवरच्या दोन भाषा आणि माळव्याची तिसरी बोली ज्यांच्या गळ्यात एकत्र नांदली, त्यांचेही तंबोरे बोलत होते ते घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या धाग्याने. मिरजेचा तंबोरा कितीही नामांकित असो, जवारीचा तो धागा कवडीमोलाचा असतो. तो केसभर पुढेमागे झाला की तार मुकी होते किंवा खणखणते. नेमक्या जागी आला की खर्ज उमलतो. तिथे सोन्याची जर वापरून खर्ज अधिक शुद्ध होतो, असे म्हणण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही. कारण तिथे ऐकणारा कान जागा होता.

दुकानदाराची बाजूही मांडायला हवी. टीव्ही आणि संच लोक फोनवर भाव पाहून घेतात. त्यात त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. भाडे, नोकराचा पगार, दिवाळीचा बोनस हे त्याला केबल, स्टँड, कव्हर यांतून काढावे लागते. तेव्हा त्याला नुसते लबाड म्हणून आपण सुटू शकत नाही. त्याच्याशी घासाघीस करताना मोठ्या वस्तूवरचा त्याचा रास्त नफा आपणच पिळून काढतो, आणि मग छोट्या वस्तूवरच्या अवास्तव नफ्याबद्दल नाके मुरडतो. ज्याला खरा भाव द्यायचा नाही, त्याच्या तोंडून खरे वाक्य निघावे ही अपेक्षा थोडी जास्तच आहे. खरेपणालाही काही किंमत पडते, आणि ती दोघांनी वाटून भरायची असते.

'पुरेल'चा आणखी एक हिशेब आपण सहसा करत नाही, तो म्हणजे शेजाऱ्याचा. उंच स्वर भिंतीशी थांबतात, खर्ज मात्र भिंतीतून चालत जातो. आपल्याला तोफांचा आवाज ऐकू येतो. पलीकडे फक्त भांडी थरथरतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण रात्री भिंतीपलीकडे कोणाचे आजारी आईवडील झोपले आहेत, हे कुठल्याही नियमात लिहिलेले नसते. ते आपणच माहीत करून घ्यायचे असते.

म्हणून या दिवाळीत कोणी संच घेत असेल, तर माझे सांगणे थोडक्यात इतकेच आहे. दाट जाळीची, घट्ट पिनेची, गरजेइतक्या लांबीची साधी केबल घ्यावी. ज्यांना विणकाम आवडते त्यांनी विणकामाची घ्यावी, पण घरी आल्यावर मुलांना सांगावे की ही सुंदर दिसते म्हणून घेतली, हिच्याने आवाज वाढत नाही. मुले ते वाक्य लक्षात ठेवतील. पुढे आयुष्यात शाळा, डॉक्टर, घर, लग्न, अगदी मरणोत्तर विधीसुद्धा याच तीन क्रियापदांनी त्यांच्यासमोर मांडले जातील, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी शोभेलला पुरेल म्हणून दाखवील. भीती घालून अधिक विकणारे आणि खोटे बोलून स्वस्त विकणारे, दोघेही दारात उभे असतील. त्या वेळी कोणता शब्द कोणासाठी उच्चारला जात आहे हे ज्याला ऐकू येईल, त्याचा कान तयार झाला असे समजावे. आणि तो कान कुठल्याही दुकानात मिळत नाही. तो घरात, मोठ्यांच्या तोंडच्या साध्या खऱ्या वाक्यांवर तयार होतो.